रिमोट सर्व्हर लावायला स्वतःची लाइव्ह डिस्क: खरंच वेळ वाचतो का?

कन्सोलकर:
मंडळी, डेटा सेंटरमधले १२ सर्व्हर नव्याने लावायचेत, सगळ्यांना आयपीएमआय (सर्व्हर दुरून चालवायची सोय) आहे. आत्तापर्यंत व्हर्च्युअल मीडियातून (माझ्या मशीनवरची फाइल सर्व्हरला डिस्क म्हणून दाखवायची) इन्स्टॉलरची आयएसओ, म्हणजे डिस्कची इमेज फाइल, लावायची आणि कन्सोलच्या खिडकीत एकेक स्क्रीन पुढे सरकवत बसायचं असंच चाललंय, मधेच एक अक्षर दोनदा उमटतं, पासवर्ड चुकतो, एका मशीनला अख्खी दुपार जाते. डेबियन लिनक्सच्या लाइव्ह-बिल्ड या टूलने स्वतःची लाइव्ह डिस्क (इन्स्टॉल न करता थेट बूट होणारी) बनवली तर फरक पडेल का? बनवून बघितली तर १.२ जीबी झाली आणि माझा अपलोड १० एमबीपीएसच आहे.

रूटवाला:
पडतो की, खूप पडतो. ती कन्सोलची खिडकी उघडायलाच लागू नये अशी डिस्क बनव. पॅकेज लिस्टमध्ये ओपनएसएसएच सर्व्हर (दुरून लॉगिनसाठी), एमडीएडीएम आणि एलव्हीएम२ (डिस्कच्या मांडणीसाठी), डीबूटस्ट्रॅप (डेबियन बसवायला) टाक, तुझी पब्लिक की (पासवर्डऐवजी चालणाऱ्या लॉगिन किल्लीचा सार्वजनिक भाग) इन्क्लुड्स.क्रूट फोल्डरमधून (यातल्या फाइल्स इमेजमध्ये जातात) रूट या मुख्य युजरच्या ऑथराइज्ड कीजमध्ये जाऊ दे. बूट झालं, डीएचसीपीने (आपोआप पत्ता देणारी सोय) आयपी मिळाला की सरळ एसएसएचने लॉगिन, मग पार्टिशनपासून ग्रब या बूटलोडरपर्यंत सगळं स्क्रिप्टने, आणि १२च्या १२ मशीन एकदम. एक मात्र आवर्जून कर, पासवर्ड लॉगिन बंद ठेव. डेबियन लाइव्हचा डिफॉल्ट युजर 'युजर' आणि पासवर्ड 'लाइव्ह' असतो, सगळ्या जगाला माहितीये.

बिटबहाद्दर:
१.२ जीबी १० एमबीपीएसवर म्हणजे नुसत्या ट्रान्सफरला १६ मिनिटं, तेही प्रत्येक मशीनला, आणि व्हर्च्युअल मीडिया तुकड्या तुकड्याने वाचतं त्यामुळे लिंक लांबची असली की याहून जास्तच लागतं. त्यापेक्षा आयएसओत फक्त कर्नल आणि इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीची छोटी सिस्टीम) ठेव, १०० एमबी धरली तरी दीड मिनिटाच्या आत जाते. स्क्वॅशएफएस, म्हणजे बाकीच्या सिस्टीमची दाबलेली फाइल, तिथल्याच एखाद्या चालू मशीनवर वेब सर्व्हरमध्ये ठेव आणि बूट पॅरामीटरमध्ये फेच= देऊन त्याचा पत्ता दे, नाव नको, आयपीच टाक, कारण त्या टप्प्यावर डीएनएसचा भरवसा नाही. सगळं रॅममध्ये उतरतं, म्हणजे नंतर तुझं कनेक्शन तुटलं तरी काही बिघडत नाही. पूर्ण आयएसओच वापरणार असशील तर निदान टूरॅम (सगळं आधी रॅममध्ये उतरवणारा बूट पॅरामीटर) तरी दे.

कन्सोलकर:
फेच करून बघितलं. क्यूईएमयूमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनवर, मस्त चालतंय, खऱ्या सर्व्हरवर मात्र इनिटआरडीत नेटवर्कच दिसत नाही, केबल तर लागलेली आहे. नेटवर्क कार्ड ब्रॉडकॉमचं आहे, ड्रायव्हर बीएनएक्स२एक्स.

रूटवाला:
फर्मवेअर (कार्डात भरायचं सॉफ्टवेअर) राहिलंय, त्या कार्डाला लागतंच, व्हर्च्युअल मशीनला लागत नाही म्हणून तिथे कळलं नाही. डेबियन १२ पासून ते नॉन-फ्री-फर्मवेअर या वेगळ्या भागात असतं, लाइव्ह-बिल्डच्या एलबी कॉन्फिग कमांडमध्ये आर्काइव्ह एरियाज (पॅकेज कुठल्या भागांतून घ्यायची ते) बघ, त्यात तो भाग घाल, फर्मवेअर-बीएनएक्स२एक्स पॅकेज घे आणि परत बिल्ड कर.

सुडो_सखी:
बिल्ड करतेच आहेस तर अजून एक बघून घे, इमेजमधली मशीन-आयडीची (प्रत्येक मशीनचा वेगळा ओळख आकडा) फाइल रिकामी आहे ना. हीच सिस्टीम डिस्कवर कॉपी करून सर्व्हर उभे केलेस आणि नेटवर्कसाठी सिस्टमडी-नेटवर्कडी वापरलंस तर डीएचसीपीची ओळख त्या आयडीवरून बनते, सगळे सर्व्हर एकच आयपी मागायला लागतात, माझे दोन दिवस यातच गेले होते. एसएसएचच्या होस्ट कीजही (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) इमेजमध्ये ठेवू नकोस, प्रत्येक मशीनवर नव्याने बनू देत.

कन्सोलकर:
फर्मवेअर घातल्यावर आयपी मिळाला, लॉगिनही झालं! मशीन-आयडीत जुनाच आकडा होता, रिकामी केली. आता उरलेल्या ११ना लावते.