केसेस वाढल्या म्हणून सोलापूर बिघडलं का?

सात_रस्ता: सकाळी ग्रुपवर एकानं टाकलं, "घरातल्या मारहाणीच्या केसेस वाढल्या, संस्कार संपले." खाली अंगठ्यांची रांग. अरे केस वाढली म्हणजे मार वाढला असं कुणी सांगितलं? आधी बाई माहेरी जायची, चार जाणती माणसं बसायची, समजूत घालून परत धाडायची, कागदावर शून्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा, २०१९-२१ चं. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी १४ टक्क्यांनीच मदत मागितली, त्यापण बहुतेक माहेरच्यांकडं. बाकीच्या कुठल्या रजिस्टरात आहेत?

पेठेतला_पोरगा: त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात नवऱ्याकडून होणारी हिंसा आधीच्या फेरीतल्या २१ वरून २५ टक्क्यांवर गेली, ते गिळलं की बे! तिथं घरी जाऊन विचारतात, पोलीस नसतात.

सात_रस्ता: देशात ३१ वरून २९ झाली, ते तुम्ही गिळलं.

लूमवाला: आमच्या गल्लीत सगळी मारामारी नळावर. चार दिवसाआड पाणी, तेपण रात्री. पाणी द्या, निम्म्या एनसी, म्हणजे चौकीतल्या किरकोळ तक्रारी, बंद होतील.

सात_रस्ता: यात पाणी कुठून आलं?

लूमवाला: उजनीतून. येत नाही हेच तर सांगतोय.

विडी_घरकुल: खरंय ओ. आमच्या जाऊबाईच्या डोक्यात शेजारणीनं कळशी घातली, टाके पडले, चौकीत दोघींना चहा पाजून मिटवलं. ही कुठल्या आकड्यात धरायची?

पेठेतला_पोरगा: हद्दवाढ भागात तर टँकरवाल्यांचंच राज्य आहे, निवडणूक आली की पाइपलाइन, नंतर पाइपपण नाही अन् लाइनपण नाही

नाईट_ड्युटी: पाणी झालं असेल तर बोलू? मी सिस्टर आहे. बाई येते, म्हणते बाथरूममध्ये घसरले. घसरल्यावर दोन्ही दंडांवर बोटांचे वळ उठतात व्हय? सासू शेजारी उभी, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, म्हटलं की दोघीपण नको म्हणतात. मुंबईत भाभा हॉस्पिटलात 'दिलासा' केंद्र सुरू होऊन वीस वर्षं उलटली, तिथं बाईला एकटीला बसवून विचारतात. जागतिक आरोग्य परिषदेनं १९९६ लाच हिंसेला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हटलंय, अन् इथं संस्कार मोजणं चाललंय.

अक्कलकोट_रोड: खोट्या केसेसचं कोण बोलणार? माझ्या साडूचा पोरगा तीन वर्षं कोर्टात खेटे घालतोय.

नाईट_ड्युटी: त्याचं वाईट वाटतं. पण तुमचा साडू एक, माझ्या वॉर्डात रोजच्या येतात. त्यांना खोटे टाके घालू का?

अक्कलकोट_रोड: भाषा नीट वापरा, वयानं मोठा आहे मी.

पेठेतला_पोरगा: बरं सिस्टर, केसवरून मार कळत नाही, घ्या, मानलं. पण कमी झाला असंपण कुणी म्हणू नये. अन् ती पोस्ट टाकणारा माझा मेहुणा आहे, त्याला तुम्हीच सांगा, मला दिवाळीला तिथंच जेवायचंय.