बॉनेटवरचे टवके

बी-३०४: नमस्कार. गणपतीला मुंबईहून येताना हायवेवर बराच वेळ डंपरच्या मागे होतो. खडी उडून बॉनेटवर चार-पाच ठिकाणी रंगाचे टवके उडालेत. ड्रायव्हरच्या दारावर ओरखडाही आहे. गॅरेजवाला म्हणतो, अख्खं बॉनेट आणि दार रंगवावं लागेल. फोटो टाकलेत. कोणी घरी केलंय का?

ए-१०२: इन्शुरन्समध्ये करून घ्या ना ताई.

सी-२०१: एवढ्यासाठी क्लेम नको. नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर ५० टक्के सूट असते, ती टवक्यांपायी घालवायची का?

ए-४०१: ताई, एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म गेला माझा. फोटो पाहिले, रंगकामाची गरज नाही. दारावरच्या ओरखड्यावर आडवं नख फिरवा. अडकतंय का?

बी-३०४: नाही काका.

ए-४०१: मग फक्त क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खरचटलाय. गाडी धुऊन मायक्रोफायबरच्या कापडावर थोडं रबिंग कंपाऊंड (चरे घासून काढायची पेस्ट) घ्या आणि हलक्या हाताने घासा. हा थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, केसाहून पातळ. फार घासलंत तर खालचा रंग उघडा पडेल.

बी-१०३: टूथपेस्टने पण जातात म्हणे.

ए-४०१: बारीक चरे फिके पडतात, पण टवका भरत नाही. ताई, बॉनेटवर टवक्याच्या तळाशी काय दिसतंय? राखाडी असेल तर बहुतेक प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, शाबूत आहे.

बी-३०४: दोन ठिकाणी तपकिरी ठिपका आहे.

ए-४०१: तो गंज. आपल्या रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत तो थांबायचा नाही, रंगाच्या खालून पसरत जातो. म्हणून हे आधी करा, ओरखड्याचं मागाहून. बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून टोकाने तेवढाच ठिपका खरवडा, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग प्रायमरचा ठिपका. तो वाळला की टचअपचा (टवके भरायचा) रंग, पण त्याच्या बाटलीतल्या ब्रशने नको, तो जाडा असतो, रंग टवक्याबाहेर जातो. टूथपिकने भरा. एकदम जाड थेंब सोडू नका, दोन-तीन पातळ थर द्या, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. शेवटी क्लिअर कोट. नंतर आठवडाभर पॉलिशला हात लावू नका.

सी-२०१: काका, रंग जुळतो का? माझा सिल्व्हर आहे.

ए-४०१: दुकानात नुसतं सिल्व्हर सांगू नका, कलर कोड सांगा. काही गाड्यांत तो बॉनेटखालच्या पट्टीवर असतो, काहींत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर. मेटॅलिक रंग जवळून थोडा वेगळा दिसणारच. तरी गंज थांबतो, तेच महत्त्वाचं.

ए-१०२: माझ्या बंपरवर पण टवके आहेत.

ए-४०१: बंपर प्लास्टिकचा, गंजत नाही. सवडीने करा. ताई, रविवारी उघडीप असेल तर गाडी धुऊन कोरडी करून सावलीत लावा. पत्रा तापलेला नको. प्रायमर माझ्याकडे आहे, कोडप्रमाणे रंग तेवढा आणा.

बी-३०४: खूप आभार काका 🙏

डी-२०३: काका, मीही आणू का गाडी? मागच्या चाकाच्या वर रंग फुगलाय.

ए-४०१: ते टचअपचं काम नाही. रंग फुगलाय म्हणजे बहुतेक आतून पत्रा गंजलाय. वरून रंग लावू नका, या आठवड्यातच डेंटिंग-पेंटिंगवाल्याला दाखवा.