मदत हवी आहे: एलिशा कुक ज्युनियरचे टीव्ही एपिसोड

मंडळी, पुढच्या महिन्यात आमच्या फिल्म क्लबात मला एलिशा कुक ज्युनियरवर वीस मिनिटं बोलायचंय. तोच तो जुना अमेरिकन नट, बारीक चणीचा, भेदरलेल्या डोळ्यांचा, आणि सिनेमा संपायच्या आत बहुतेक वेळा मारला जाणारा. सिनेमांचं जमलंय, माल्टीज फाल्कन (१९४१), बिग स्लीप (१९४६), शेन (१९५३) आणि कुब्रिकचा किलिंग (१९५६) सगळे परत बघून झाले. शेनमध्ये जॅक पॅलन्स गोळी घालतो तेव्हा हा चिखलात असा मागे फेकला जातो की बास, चार वेळा मागे नेऊन बघितलं मी ते.

घोडं अडलंय टीव्हीपाशी. स्टार ट्रेकचा कोर्ट मार्शल (१९६७) बघितलाय, त्यात हा कॉम्प्युटरवर भरवसा नसलेला वकील, खोलीभर पुस्तकांचे ढीग लावून बसलेला, मजा आली. मॅग्नम पी.आय. मालिकेतला त्याचा आइस पिक हा रोलही माहितीये. पण पन्नास-साठच्या दशकात गनस्मोक, पेरी मेसन, वॅगन ट्रेन अशा मालिकांत जिकडे तिकडे त्याचं नाव दिसतं आणि क्रेडिट वाचून रोल केवढा ते काही कळत नाही, दोन एपिसोड लावले तर दोन्हीत गडी पाच मिनिटांत गायब.

मला फक्त दोनच क्लिप दाखवता येतील, इंग्लिश सबटायटल्स हवेतच कारण निम्म्या लोकांना ते जुने अमेरिकन उच्चार झेपत नाहीत, आणि वेस्टर्न (काउबॉयवालं) शक्यतो नको, त्यातला शेन आहेच. नुसती लिस्ट नको, तुम्ही स्वतः बघितलेल्यातलं सांगा: १९५० ते ७० मधल्या कुठल्या एपिसोडमध्ये त्याला खरंच भरपूर काम आहे?