बियांपासून दवबिंदू आणि फ्लायट्रॅप: लातूरच्या बोअरच्या पाण्यावर जमेल का?

बोअरवाली_बाग, लातूर

नमस्कार सगळ्यांना. माझ्या लेकीला कीटक खाणाऱ्या झाडांचं लई वेड लागलंय. गणपतीच्या सुट्टीत साताऱ्याला पाहुण्यांकडं गेलो होतो तेव्हा कासला नेलं तिला, तिथं खडकावरच्या ओल्या मातीत दवबिंदू दाखवला गाईडनं, नखाएवढं लालसर झाड, पानाच्या केसाकेसावर चिकट थेंब आणि एका थेंबात चिलट अडकून पाय हलवत होतं, पोरगी तिथनं उठंना. आता म्हणलालीय की घरी लावायचं आणि तेही बी टाकूनच, उगवताना बघायचंय.

गुलाब, जास्वंद, शेवंती सगळं येतं मला पण हे वेगळंच दिसतंय. ऑनलाइन बघितलं तर व्हीनस फ्लायट्रॅपचं (पानाचा जबडा मिटून किडा धरतं ते झाड) बी निळ्या, जांभळ्या, काळ्या रंगाच्या फोटोसकट विकायला आहे, ते खरं असतं का? माती कोणती घ्यायची, आपली काळी माती आणि शेणखत चालेल का? कोण म्हणतं बी फ्रीजमध्ये ठेवा, कोण म्हणतं नको. आणि पाणी बोअरचं आहे, कूलरच्या गवतावर एका उन्हाळ्यात पांढरी खपली धरते इतकं जड. उन्हाळा तर सांगायलाच नको. इकडं मराठवाड्यात कुणी केलंय का हे? पुण्या-मुंबईच्या हवेचे व्हिडिओ बघून काही उपयोग होईना.

परभणीचा_माळी

ताई, जमतं. मी करतोय, गच्चीवर शेडनेटखाली. पण पहिलं पाणी, मग बी, मग बाकी सगळं.

ही झाडं किडे का खातात ते लेकीला सांगा, मग तिला सगळं आपोआप कळेल. कासच्या पठारावर जांभा दगड, त्यावर बोटभर माती आणि वरनं धो धो पाऊस, त्या मातीतलं नत्र सगळं वाहून जातं, म्हणून झाडानं नत्र मिळवायला किडे धरायची सोय केली. अशा गरीब मातीतली मुळं क्षार सहनच करू शकत नाहीत. आपली काळी माती म्हणजे चुनखडीनं भरलेली, त्यात शेणखत म्हणजे त्या रोपाला थेट मरण. गांडूळखत, डीएपी, नर्सरीतलं तयार पॉटिंग मिक्स, काही म्हणजे काही नको. नदीची वाळू पण नको, तिच्यात चुनखडीचे खडे असतात.

माध्यम घ्यायचं ते पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, थोडक्यात पीट) आणि परलाइट (पांढरे हलके फुगवलेले खडे), निम्मं निम्मं. पीट घेताना पाकीट वाचून घ्या, खत मिसळलेलं असतं कधीकधी, ते चालत नाही. कुंडी प्लास्टिकची. मातीची कुंडी क्षार सोडते आणि ओल पण टिकवत नाही.

आता पाणी. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, दोनतीनशे रुपयाला मिळतो, तो आधी घ्या, बी नंतर मागवा. ५० च्या खाली असलं तर उत्तम, १०० पर्यंत धकतं, त्याच्यावर नाही. तुमच्या बोअरचं मोजून इथं टाका.

पहिलं झाड म्हणून ड्रॉसेरा बर्मानी घ्या. कासला दिसणाऱ्या दवबिंदूंपैकीच हा एक, आपल्याच देशातला, उष्ण हवेतला, त्याला थंडी द्यायची गरज नाही म्हणजे फ्रीजचा प्रश्नच मिटला. वर्षभराचंच आयुष्य असतं त्याचं पण फुलला की स्वतःचं स्वतः बी टाकतो, शेजारच्या कुंडीत पण उगवतो. बी कसलं, काळी भुकटीच ती, पंखा बंद करून पेरा. कागदाला मधोमध घडी घालायची, त्या घडीत बी घ्यायचं आणि बोटानं टिचकी मारत मारत ओल्या पीटवर पाडायचं. वर माती टाकायची नाही, एक कणही नाही, या बियाला उगवायला उजेड लागतो. पाणी वरनं घालायचं नाही, खाली ताटलीत एक-दोन सेंटिमीटर ठेवायचं, कुंडी खालनं ओढून घेते. कुंडीवर पारदर्शक झाकण, त्याला दोन भोकं. उजेड भरपूर पण सीधं ऊन नको, झाकण घालून उन्हात ठेवली की आत भट्टी होते आणि बी शिजतं.

साधारण दोन ते चार आठवड्यात हिरवा ठिपका दिसतो. तो ठिपका भिंगातनं दाखवा लेकीला, टाचणीच्या डोक्याएवढ्या पानावर पण लाल केस आणि त्याच्यावर थेंब असतात, पहिल्या खऱ्या पानापासनंच झाड शिकारीला तयार. मला तर बी टाकून लावण्यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं, मोठं झाड विकत आणून हे बघायला मिळत नाही.

गोदाकाठ_नांदेड

माळी दादांनी सांगितलं ते सगळं बरोबर, पाण्याचं थोडं वाढवून सांगतो कारण आपल्याकडं खरी अडचण तीच.

घरात एसी असेल तर त्याच्या नळीतनं ठिबकणारं पाणी धरा, ते हवेतल्या वाफेचं पाणी, क्षार जवळपास नसतातच. कूलरचं उलटं बरं का, कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात, म्हणून कूलरच्या टाकीतलं पाणी बोअरपेक्षा पण जड, ते चुकूनही घालू नका. आरओचं चालतं पण आधी मोजा, बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी वरनं मिनरल मिसळतात. सॉफ्टनरचं पाणी नको, त्यात कॅल्शियम काढून सोडियम घालतात, झाडाला दोन्ही वाईटच. उकळून गाळून पण काम भागत नाही. काहीच नसेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ना दुकानात, ते आणा, फक्त ॲसिडचा कॅन उचलू नका.

आणि पावसाचं पाणी सगळ्यात भारी. पहिल्या एक-दोन पावसात धूळ वाहून जाऊ द्यायची, मग धरायचं. स्लॅबवरनं उतरलेलं नको, सिमेंटचा चुना येतो त्यात, पत्र्यावरचं किंवा ताडपत्री बांधून धरलेलं घ्या. झाकणाच्या काळ्या ड्रममध्ये ठेवा, शेवाळ धरत नाही आणि डासही होत नाहीत.

लातूरकरांना २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा शोभेच्या झाडाला पाणी कुठून आणायचं असं कुणाला वाटू शकतं, घरातल्या मोठ्यांना तर वाटतंच. पण दोन-तीन कुंड्यांच्या ताटलीला लागतं किती, पावसाळ्यात भरलेला एक ड्रम उन्हाळा काढतो.

शेडनेटवाली_संभाजीनगर

ड्रॉसेराबद्दल मान्य. पण फ्लायट्रॅप लेकीला हवाच असेल तर सगळं चित्र आधीच समजावून सांगा.

निळा, जांभळा, काळा असले फ्लायट्रॅप नसतात, हिरवा आणि लाल एवढंच, त्यामुळं त्या फोटोचं बी म्हणजे फसवणूक, सोडून द्या. खरं बी काळं, चकचकीत, थेंबाच्या आकाराचं, मिलिमीटरभर असतं. ते ताजं पाहिजे, जुनं होत जातं तसं कमी उगवतं. फ्लायट्रॅपच्या बियाला फ्रीज लागतोच असं नाही, पीटवर टाकून पंचवीस-तीस डिग्रीत उगवतं. फ्रीज सक्तीचा आहे तो सारासेनियाला (नळीसारख्या पानात किडे धरणारं अमेरिकेतलं झाड), त्याचं बी ओल्या मॉसमध्ये निदान महिनाभर थंड ठेवावं लागतं. लोक दोन्ही एकत्र करून सांगतात म्हणून घोळ होतो.

अवघड आहे ते पुढं. बियापासून पूर्ण मोठा व्हायला तीन ते पाच वर्षं, आणि मूळचा तो अमेरिकेतल्या कॅरोलायनाचा, तिथं हिवाळ्यात तीन-चार महिने झोपतो. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत रात्री गारवा असतो पण दुपारी परत ऊन तापतं, झाडाला कळंना झोपायचं का जागं राहायचं. पहिल्या हिवाळ्यात छोट्या रोपाला तसंच वाढू दिलं तर चालतं. नंतर मात्र मी कुंडीतनं काढून, काळी पडलेली पानं कापून, मुळं ओलसर मॉसमध्ये गुंडाळून पिशवीत घालून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवते. सासूबाईंना आधी सांगून ठेवायचं, नाहीतर कोथिंबिरीबरोबर जातं ते.

आणि माळी दादा, कोकोपीटला (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदम नाही म्हणू नका. पीट सगळ्यांना परवडत नाही. कोकोपीट चांगल्या पाण्यात भिजवून पिळून, परत भिजवून, निथळलेलं पाणी मीटरवर ५० च्या खाली येईस्तोवर धुतलं तर त्यात ड्रॉसेरा येतो माझ्याकडं.

परभणीचा_माळी

मी कोकोपीटचं नावच काढलं नव्हतं की ताई. पण धुवायला जितकं चांगलं पाणी लागतं तितक्यात वर्षाचं भागतं, आणि बी पेरताना थोडा जरी क्षार राहिला तर कोंब पिवळा पडून जातो. मोठ्या झाडाला चालेल, पेरणीला मी पीटच सांगेन.

बोअरवाली_बाग, लातूर

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप आभार. मीटर आणला. बोअर ११४०, आरओ ८६, आणि शेजारच्या काकूंच्या एसीचं पाणी ९! लेक घरभर मीटर घेऊन फिरलालीय, वरणाचं पाणी पण मोजलं तिनं.

ठरवलं की आधी बर्मानी, फ्लायट्रॅप नंतर बघू. दोन गोष्टी राहिल्या. बी आत्ता टाकू का जूनला? आणि रोपाला किडे आपण धरून घालायचे का? लेक विचारतीय की कासहून एखादं झाडच आणलं असतं तर काय झालं असतं.

परभणीचा_माळी

जूनला टाका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४२-४३ च्या पुढं पारा जातो, मोठं झाड एकवेळ सावलीत तग धरतं, कोंब नाही धरत. पाऊस पडला की हवेत दमटपणा येतो, पाणीही फुकट मिळतं. पेरल्यावर वरचेवर बघत राहा, हिरवं शेवाळ चढायला लागलं तर झाकण थोडं उघडं ठेवा, पांढरी बुरशी दिसली तर तेवढा भाग चमच्यानं उचलून टाका.

किडे धरायची गरज नाही. फिशटँकमधल्या माशांचं कोरडं खाद्य चुरून पीठ करा, सुईच्या टोकावर येईल तेवढंच पानाच्या केसावर ठेवा, दहा-पंधरा दिवसातनं एकदा. मटण, चिकन, पनीर घालू नका, पान सडतं. रोप मोठं झालं की चिलटं ते स्वतःच धरतं, बर्मानीचे कडेचे केस तर किडा लागला की काही सेकंदात आत वळतात, लेकीला तेवढं बघू द्या.

गोदाकाठ_नांदेड

कासहून आणायचं नाही हे लेकीला नीट सांगा ताई. पश्चिम घाटाबरोबर कास २०१२ पासनं जागतिक वारसा यादीत आहे, तिथलं झाड उपटणं म्हणजे एकेक करत पठार रिकामं करणं, आणि आणलं तरी आपल्या पाण्यावर आठवड्यात गेलं असतं. घटपर्णीचंही (पानाच्या घड्यात किडे धरणारी वेल) तसंच, आपल्या देशात रानात ती एकच, मेघालयातली, आणि तिचा व्यापार बंधनात आहे, कुणी जंगलातनं काढलेली विकत असेल तर घेऊ नका. बी लागवड करणाऱ्याकडनंच घ्या.

शेडनेटवाली_संभाजीनगर

माझ्या बर्मानीच्या देठावर आता बी धरलंय. वाळलं की कागदाच्या पुडीत घालून पाठवते लेकीसाठी, मेसेजमध्ये पत्ता टाका. पुडी जूनपर्यंत कोरड्या डबीत ठेवा, ओल लागू देऊ नका.

बोअरवाली_बाग, लातूर

टाकला ताई पत्ता. ताडपत्री पण सांगितली आणायला.