चर्चा: पाणबुडी बचाव वाहनांवरचा खर्च बरोबर जागी होतोय का?

येळ्ळूरकर:
माझ्या पुतण्यानं नौदलात पाणबुडी शाखा मागून घेतलीय. वहिनी रोज एकच विचारतात, "खाली अडकला तर वर कोण काढणार?" म्हणून वाचायला बसलो. नौदलाकडं बुडालेल्या पाणबुडीतून माणसं काढणारी, छोट्या पाणबुडीसारखी दोन बचाव वाहनं आहेत. पहिलं 2018 मध्ये मुंबईत सेवेत आलं, दुसरं विशाखापट्टणमला. 650 मीटर खोलीपर्यंत जातात, एका खेपेला 14 जणांना वर आणतात.

पण माझं मत असं की पैसा आधी बॅटऱ्या, दुरुस्ती आणि आग विझवण्याकडं जावा. आपली सिंधुरक्षक पाणबुडी 2013 साली मुंबईच्या गोदीत स्फोटानं बुडाली, 18 जण गेले. पुढच्या वर्षी सिंधुरत्न पाणबुडीवर धुरानं दोन अधिकारी गेले. या दोन्ही वेळी हे वाहन काय कामाचं होतं? आणि खोल पाण्यात तर पाणबुडीचं कवचच चिरडतं. अर्जेंटिनाची सान हुआन 907 मीटरवर सापडली, इंडोनेशियाची नांगाला 838 वर. तिथं सोडवायला कोण उरणार?

शहापूरची:
दादा, तुम्ही खोल पाण्यातलीच उदाहरणं घेतलीत. दुरुस्तीनंतरच्या आणि नव्या पाणबुडीच्या चाचण्या बऱ्याचदा किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात होतात, आणि धोका तिथंही असतो. 23 मे 1939 ला अमेरिकेची स्क्वॉलस चाचणीतच बुडाली, जेमतेम 75 मीटरवर. बचाव घंटा (जहाजावरून खाली सोडायची घंटेसारखी पोलादी खोली) घेऊन जहाज दुसऱ्या दिवशी पोचलं आणि 33 जण वर आले. पुढच्याच आठवड्यात, 1 जूनला, ब्रिटनची थेटिस लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीतच बुडाली. 99 जण गेले, फक्त चौघं वाचले. मला या दोन तारखांपुढं खर्चाचा हिशोब करवत नाही.

निपाणीकर:
रशियाच्या कुर्स्क पाणबुडीचं काय मग? 2000 साली, 108 मीटर पाण्यात. शेवटच्या कप्प्यात 23 जण जिवंत होते. रशियाची बचाव वाहनं बाहेर पडायच्या झाकणावर बसायला पुन्हा पुन्हा गेली आणि परत आली. नऊ दिवसांनी नॉर्वेच्या गोताखोरांनी झाकण उघडलं तेव्हा आत पाणी होतं.

येळ्ळूरकर:
हे माझ्याच बाजूचं झालं की ओ! ते 23 जण आत लागलेल्या आगीनं काही तासांतच गेले असं चौकशीत निघालं. तेवढ्या वेळात कुठलंही वाहन पोचलं नसतं.

खानापूरचे काका (निवृत्त नौसैनिक):
वाहनापेक्षा ते पोचवणं अवघड, हे आधी लक्षात घ्या. वाहन, ते पाण्यात उतरवायची कमान, दाब उतरवण्याच्या खोल्या, हे सगळं कंटेनरमधून ट्रकवर, मग विमानात चढतं. जवळच्या बंदरात मोकळ्या डेकचं जहाज शोधायचं, त्यावर सगळं वेल्डिंग करून बसवायचं. जागेवर आधी दूरनियंत्रित यंत्र खाली जातं. ते झाकण शोधतं, मोडतोड बाजूला करतं, आत ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड शोषणारी रसायनं पोचवतं. माणूस ऑक्सिजन संपण्याआधी कार्बन डायऑक्साइडनं गुदमरतो, म्हणून ही खेप फार मोलाची. मग वाहन झाकणावर बसतं, खालच्या घेरातलं पाणी उपसलं की बाहेरच्या समुद्राचाच दाब त्याला घट्ट धरतो, कुकरच्या झाकणासारखा. आपल्या कलवरी वर्गाच्या पाणबुडीत 43 जण असतात, म्हणजे चार खेपा. आत दाब वाढला असेल तर वर आलेल्यांना दाब हळूहळू उतरवायला थेट दाबाच्या खोलीत न्यावं लागतं.

पहिली सुटका 72 तासांत व्हावी असं लक्ष्य जगभर धरतात. नांगालाचा संपर्क 21 एप्रिल 2021 ला तुटला. आपलं वाहन दुसऱ्या दिवशी विशाखापट्टणमहून बोटीनं निघालं. नांगाला बुडाली ते बाली तिथून हजारो किलोमीटर. 24 ला तिचा ऑक्सिजन संपल्यात जमा होता. येळ्ळूरकर, तुमचा राग या पोचायच्या उशिरावर ठेवा, खरेदीवर नको.

चिकोडीकर:
मग तिसरं वाहन कारवारला ठेवा. आपल्याला जवळ, नौदलाचा तळ तिथं आहेच.

खानापूरचे काका:
वाहन वाढवून उपयोग नाही, बाळा. जहाज पाहिजे. आयएनएस निस्तार 18 जुलै 2025 ला विशाखापट्टणमला सेवेत आली, ती वाहनासकट थेट जागेवर जाते, वेल्डिंगचे तास वाचतात. तिच्याच जोडीच्या निपुणला मी पश्चिम किनाऱ्यावर मागेन.

येळ्ळूरकर:
काका, जहाजाचं पटलं. पण माझं अर्धं म्हणणं तसंच राहतं. 2013 आणि 2014 मधली माणसं स्फोटानं आणि धुरानं गेली. निपुणसाठी पैसे मागताना बॅटरीच्या तपासणीलाही तितकेच मागा.

शहापूरची:
मागू की. पण एकातले काढून दुसऱ्यात नको. आणि दरवर्षी एकदा तरी न सांगता सराव लावा, ट्रकपासून डेकपर्यंत, घड्याळ लावून. 72 तासांत जमतं की नाही ते तेव्हाच कळेल.