मदत हवी आहे: एका कॅन बसवर सहा नोड, इंजिनाजवळचा नोड बस-ऑफ होतो

मंडळी, कॉलेजच्या बग्गीवर चार चाकांचे हॉल सेन्सर, स्टिअरिंगचा कोन आणि इंजिनाचं तापमान एकाच कॅन बसवर (गाडीतली उपकरणं ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ते जाळं) आणलंय; प्रत्येक सेन्सरचा एक नोड, म्हणजे बसला जोडलेलं उपकरण. वेग ५०० केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद). नोडवर एमसीपी२५१५ हा कॅन कंट्रोलर (८ मेगाहर्ट्झ क्रिस्टल) आणि टीजेए१०५० हा बसच्या वायरींना जोडणारा ट्रान्सीव्हर. डेटा गोळा करायला ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर.

इंजिन बंद असताना सगळं सुरळीत. आरपीएम वाढले की इंजिनाजवळच्या तापमान नोडचा टीईसी (पाठवतानाच्या चुका मोजणारा काउंटर) चढतो आणि नोड बस-ऑफ, म्हणजे स्वतःहून बसवरून बाहेर. नुसती इतर नोडकडून पोच (एसीके) मिळत नसती तर काउंटर १२८ ला थांबला असता; तो २५५ ओलांडतो, म्हणजे बिटच बिघडताहेत.

तपासलेलं: मधल्या मॉड्यूलवरचे १२० ओहमच्या टर्मिनेशनचे (बसच्या फक्त दोन टोकांना लागणारा रोध) जंपर काढलेत, बंद बसवर हाय आणि लो या दोन वायरींमध्ये ६० ओहम येतात. दर १० मिलिसेकंदाला प्रत्येकी एक फ्रेम, म्हणजे स्टफिंग (कॅन मध्ये घालतो ते जादा बिट) धरूनही बसवरचा लोड सुमारे १६ टक्के. तेव्हा गर्दीचं कारण कृपया सुचवू नका. वायर पिळलेली आहे, पण शील्ड नाही.

संशय दोन. तापमान नोडचा फाटा (मुख्य बसपासून नोडपर्यंतची वायर) १.८ मीटर लांब आहे, आणि इग्निशन कॉइलची वायर त्याला लागूनच जाते. दुसरं, ८ मेगाहर्ट्झवर बिटला आठच टाइम क्वांटा (बिटच्या वेळेचे छोटे भाग) मिळतात. सॅम्पल पॉइंट (बिटच्या वेळेत तो वाचायचा क्षण) ६२.५ टक्क्यांवर आहे, ईएसपी३२ चा ८० वर.

आधी काय करावं? फाटा काढून बसच नोडमधून आत-बाहेर न्यावी, १६ मेगाहर्ट्झ क्रिस्टल बसवावा, की सरळ २५० केबीपीएसवर यावं? ६०+६० ओहम आणि मध्ये ४.७ नॅनोफॅरड असं स्प्लिट टर्मिनेशन कुणी अशा एक-सिलिंडर इंजिनाशेजारी वापरलंय का?