दिवसभर गादीवर, तरी झोप अपुरी: विद्यार्थ्यांसाठी पत्रक कसं करावं?

सहावा_तास:
(ही चर्चा कोविडच्या लॉकडाऊनमधली आहे.) लॉकडाऊन लागून वर्ग ऑनलाइन गेल्यापासून पदवीच्या मुलामुलींची तक्रार एकच: आठ-नऊ तास अंथरुणात असूनही डोकं जड राहतं. पहाटे तीन-चारला झोप लागते. सकाळच्या तासाला पडल्यापडल्याच लॉगिन, कॅमेरा बंद आणि परत झोप. त्यांच्यासाठी एकपानी पत्रक आणि त्याआधी छोटा सर्व्हे करायचा आहे. सर्व्हेला पीएसक्यूआय, म्हणजे झोपेचा दर्जा मोजणारी प्रश्नावली, पुरेल का? आणि ‘रात्री लवकर झोपा, मोबाइल लांब ठेवा’ यापलीकडे काय लिहायचं?

आकडेमोड:
एकट्या पीएसक्यूआयवर भिस्त नको. १९ प्रश्न, ७ घटक, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज ५ च्या वर गेली की झोप खराब धरतात. कॉपीराइट पिट्सबर्ग विद्यापीठाचा आहे, तेव्हा परवानगीचं आधी बघा.

अडचण अशी की तो गेल्या महिन्याचं सरसकट विचारतो; तासाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस वेगळे करत नाही. दोन्हींच्या वेळा स्वतंत्र विचारा आणि झोपेचा मध्य काढा. तासाच्या दिवशी १ ते ८ झोप असेल तर मध्य साडेचार. सुट्टीला ४ ते १२ असेल तर आठ. फरक साडेतीन तास. यालाच सोशल जेटलॅग म्हणतात. पण लॉकडाऊनने तो वाढवलाच असं समजू नका. बोल्डरच्या कोलोराडो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरच्या २०२० च्या अभ्यासात झोपायची वेळ पुढे सरकली, पण अंथरुणातला वेळ वाढला आणि जेटलॅग घटला. ‘सगळ्यांची झोप कमी झाली’ असं गृहीत धरून प्रश्न लिहाल तर फसाल.

फॉर्ममध्ये वेळ २४ तासांच्या घड्याळात घ्या, नाहीतर ‘१२’ म्हणजे मध्यरात्र की दुपार ते कळत नाही. उठण्याच्या वेळेतून झोपण्याची वजा करून उत्तर ऋण आलं तर २४ मिळवा. याहून चकवणारी गोष्ट म्हणजे पीएसक्यूआयचा एक घटक, झोपेची कार्यक्षमता: झोपेचे तास भागिले अंथरुणातले तास. गादीवर लेक्चर ऐकणारा अंथरुणातले १४ तास धरतो, मग ७ तास झोपूनही ५० टक्के येतात आणि त्या घटकात सरळ ३ गुण पडतात. ‘झोपायचं म्हणून दिवा मालवला ती वेळ लिहा’ अशी टीप द्या.

उन्हाची_खिडकी:
पत्रकात ‘लवकर झोपा’ नकोच. झोप हुकमाने येत नाही, उठणं मात्र ठरवता येतं. बहुतेकांचं शरीराचं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब असतं. सकाळी बाहेर पडणं थांबलं की ते रोज थोडं पुढे सरकतं. सकाळचा उजेड त्याला मागे खेचतो, पण घरातल्या दिव्याचा उजेड साधारण १००-३०० लक्स (उजेड मोजायचं एकक), आणि ढगाळ आकाशाखालीसुद्धा काही हजार! म्हणून उठल्यावर अर्धा तास गच्चीत किंवा गॅलरीत. विलगीकरणात असेल तर खुर्ची खिडकीशी.

एक चूक हमखास होते. दुपारी बाराला उठणारा उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी सहाचा गजर लावतो. नेहमीच्या उठण्याआधी दोन-तीन तास शरीराचं तापमान तळाला असतं, आणि त्याआधी मिळालेला प्रखर उजेड घड्याळ उलट आणखी पुढे ढकलतो. याचा तळ नऊ-दहाला. सहा-सातचं ऊन त्याला मध्यरात्रीच्या दिव्यासारखंच. म्हणून दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे, सुट्टीलाही तीच वेळ. बारावरून आठवर यायला सोळा दिवस लागतील, हे लिहाच, नाहीतर चौथ्या दिवशी सोडून देतात.

डुलकी २० मिनिटं, संध्याकाळी नाही. चहा-कॉफीतलं कॅफिन अर्ध्यावर यायला साधारण ५ तास लागतात.

घडी_घातलेली_चादर:
गादीवर लेक्चर नाही, हे ठळक अक्षरात. एका खोलीत चौघं असतील तर दुसरी जागा कुठून आणणार, हा प्रश्न रास्त आहे. अंथरूण दिवसा गुंडाळून ठेवावं. पलंग असेल तर उशीच्या विरुद्ध टोकाला, भिंतीला टेकून बसावं. रात्री अंदाजे २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करावं. अंदाजेच, घड्याळ बघायचं नाही.

अंथरुणातला वेळ मोजून कमी करण्याचा उपाय, म्हणजे स्लीप रिस्ट्रिक्शन, पत्रकात घालू नका. अपस्मार किंवा बायपोलर असलेल्यांना तुटपुंज्या झोपेने झटका किंवा उन्माद येऊ शकतो, आणि कोविडमधून नुकत्याच उठलेल्याला विश्रांतीच हवी.

दुसरी_पाळी:
सर्व्हेला पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य तपासणारी प्रश्नावली, जोडायचा मोह होईल. त्याचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. निनावी फॉर्मवर ‘हो’ आलं तर फोन कुणाला करणार? उत्तरं त्याच दिवशी बघणारा समुपदेशक नसेल तर ती प्रश्नावली नको. पत्रकावर मदतीचा क्रमांक मात्र मोठ्या अक्षरात द्या.

आठवड्यात तीन रात्री झोपेचा त्रास, असं तीन महिने चाललं असेल तर डॉक्टर. पण दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही आणि बोलण्याचा वेग वाढलाय, अशाला लगेच पाठवा.

सहावा_तास:
असाइनमेंटची मुदत रात्री ११:५९ असते. ती पत्रकात कुठे बसवायची?

आकडेमोड:
पत्रकात नाही, विभागप्रमुखांकडे न्या. मुदत जिथे, काम तिथपर्यंत ताणलं जातं, आणि वर पोर्टल अडखळलं की एक वाजतो. संध्याकाळी ६ करून घ्या. एका विषयाची ६ आणि दुसऱ्याची ११:५९ राहिली तर उपयोग नाही; सगळ्या विषयांची एकदमच बदलावी लागेल.